हाताला झेपेल ती मोटर

मोटर बंद पडली ती भर पाण्यात, आणि तेही सकाळच्या फेरीला. बर्फाची गाडी काठावर येऊन थांबलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि मासे घेऊन येणाऱ्या नावांचा पत्ता नाही. भिकुबाई टोपली डोक्यावरून उतरवून काठाच्या चढावर उभी राहिली. बऱ्याच वेळानं नावा दिसल्या, पण एकामागे एक बांधलेल्या नाहीत, सुट्या. प्रत्येक जण आपापलं वल्हं मारत होता. सगळ्यांत मागून तिच्या नवऱ्याची, रुपचंदची नाव येत होती. तो वल्हं मारत होता खरा, पण मान वळवून मागच्या फळीवर लटकलेल्या मोटरीकडेच पाहत होता.

बाकीच्या बायका म्हणाल्या, आता माल सडणार. भिकुबाईच्या मनात वेगळंच आलं. हा आता मोटरीच्या निमित्तानं समुद्रावर, उंबरगावला जाणार, असं तिला वाटलं.

मोहखेडं हे तापीच्या काठचं गाव, तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या पार पश्चिमेला. उकाईचं धरण झालं तसं नदीचं पाणी मागे मागे चढत आलं आणि गावाच्या खालच्या अंगाला पसरून बसलं. ज्या पात्रातून पूर्वी बैलगाड्या पलीकडे जात, तिथं आता पैलतीर धुरकट दिसायचा. वारा सुटला की लाटा उठायच्या. गावातल्या लोकांकडे थोडी थोडी शेती आणि जोडीला नदी. पाणी वाढलं तसे मासे वाढले, पण जाळी लांब लांब टाकावी लागत आणि वल्ह्यानं तिथवर जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. त्या पाण्यावर पहिली मोटर आणली ती रुपचंदनं. तो आपल्या नावेमागे चार नावा बांधायचा, सगळ्यांना जाळ्यांपर्यंत ओढून न्यायचा, माल भरला की ओढून आणायचा. त्यात त्याचा वाटा असे. गावात त्याला मान होता, आणि तो मान त्या मोटरीचा होता.

ही मोटर त्यानं आणली होती समुद्रावरून. कारण रुपचंद हा एका जागी बसणारा माणूसच नव्हता. पायाला भिंगरी. मिसरूड फुटायच्या आत तो फैजपूरकडे केळी भरायला गेला, तिथून केळीच्या वॅगनीबरोबर थेट दिल्लीपर्यंत जाऊन आला. मग धुळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, मग ट्रकवर, आणि शेवटी उंबरगावच्या एका तांडेलाच्या मच्छीमार बोटीवर. तिथं त्याचं मन लागलं. घरच्यांनी लग्न ठरवलं तेव्हा तो मोटर घेऊन परतला. "आता गावातच ऱ्हासू," असं त्यानं आईला सांगितलं आणि सांगताना त्याला स्वतःलाही ते खरंच वाटलं असणार.

भिकुबाई दोंडाईच्याकडची. मिरचीच्या शेतात वाढलेली. विहिरीपलीकडे पाणी तिनं पाहिलं नव्हतं. नवरा चांगला मिळाला असंच तिला सुरुवातीला वाटलं, आणि तो चांगला होताच. दारू नाही, हात उगारणं नाही, दुसऱ्या बाईची भानगड नाही. पण लग्नाला वर्ष झालं नाही तोच एका सकाळी तो नंदुरबारच्या बाजाराला म्हणून गेला आणि आलाच नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा उन्हानं काळाठिक्कर पडून परतला, हातात तिच्यासाठी सुती पातळ आणि सुक्या बोंबलांची पिशवी. "बोटवर गऊ व्हतू," एवढंच म्हणाला. त्यानंतर असं दोनदा झालं. मुलगी झाली त्या वर्षीही.

तो गेला की मोटर कुणी चालवायची? नाव काठावर पालथी पडायची. जाळ्याला उंदीर लागायचे. भिकुबाई निंदणीला जायची, लोकांच्या मिरच्या तोडायची, आणि संध्याकाळी स्टँडवर थांबणाऱ्या एसटीतून कोण उतरतंय ते लांबून पाहून परत फिरायची. या वाट पाहण्याचं तिला व्यसनच लागल्यासारखं झालं होतं. तो घरात असला तरी तिचं मन जागेवर नसायचं. तो चप्पल घालायला लागला की ती चुलीपासून मान वर करायची.

म्हणून मोटर बंद पडली तेव्हा तिला माशांचं काही वाटलं नाही.

रुपचंदनं अंगणात गोणपाट पसरून मोटर खोलली. दोन दिवस तो त्यात बुडून गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं पिस्टन हातात घेऊन उजेडात धरला. एका अंगानं पार घासला गेला होता आणि सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवलं तर चर लागत होते. त्यानं सगळे भाग पुन्हा गोणपाटात गुंडाळले. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्या दुःखाच्या खाली काहीतरी हललंय हे भिकुबाईनं ओळखलं.

शेजारचा चिंधा रुपचंदच्या मागच्या दोरीला आपली नाव बांधून जाणाऱ्यांपैकीच एक. तो म्हणाला, "भाऊ, तुमना शेतमा पंपनं इंजिन पडेल शे ना? तेच बसाडा नावमा."

"ते बसाडं तर नाव तळले जाई," रुपचंद म्हणाला.

ओट्यावर बसलेली त्याची आई ताईबाई म्हणाली, "तुना बाप वल्हावर जगना. तुलेच मोटर कसाले लागस?"

रुपचंद हसला. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावून, तो खाली ठेवता ठेवता, अगदी सहज म्हणाला, "उंबरगावले जास. तठे मोटरी मियतीस. दोन-तीन दिनमा परत येस."

भिकुबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "मी बी येस."

ताईबाईनं सुनेकडे असं पाहिलं की जणू तिला वारं लागलंय.

"तू?" रुपचंद म्हणाला. "तू तठे काय करशी?"

"मोटर देखसू."

तो मोठ्यानं हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. त्यानं चिंधाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. नाही म्हणायला त्याच्याकडे काही कारणच नव्हतं. खरं कारण होतं ते त्यानं स्वतःशीसुद्धा कबूल केलेलं नव्हतं.

मुलीला सासूजवळ ठेवून दोघं नंदुरबारला आली आणि सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसली. भिकुबाई खिडकीशी. नवापूर गेलं, डोंगर गेले, सागाची झाडं गेली, आणि गाडी जसजशी गुजरातच्या सपाटीला लागली तसतसा तिचा नवरा बदलत गेला. तो समोरच्या भाजीवाल्याशी बोलायला लागला. मग त्याच्या शेजारच्याशी. स्टेशन आलं की उतरून फलाटावर येरझारा घालायचा आणि गाडी हलल्यावर धावत चढायचा. प्रत्येक वेळी भिकुबाई दाराकडे मान लांब करून पाहायची आणि तो चढलेला दिसला की पुन्हा खिडकीकडे तोंड करायची. सुरतेला गाडी बदलली. तिथल्या गर्दीत तिनं सरळ त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. लोक काय म्हणतील याची तिला पर्वा नव्हती.

उंबरगावला खाडीच्या तोंडाशी रतिलालची पत्र्याची शेड होती. समुद्रावरच्या होड्यांच्या मोटरी तो विकायचा आणि दुरुस्तही करायचा. भिंतीला आडव्या लाकडावर मोटरी टांगलेल्या, जशी खाटकाच्या दुकानात बकरी. मधोमध पाण्यानं भरलेलं एक पत्र्याचं पिंप. मोटर त्याच्या काठावर अडकवायची, दोरी ओढायची, की पाणी उसळून शेडभर धूर व्हायचा. रतिलाल बोलायला गोड. खान्देशातली गिऱ्हाइकं त्याच्याकडे येत असावीत, कारण त्याला मोडकीतोडकी मराठी येत होती.

"जुनी सस्ती पडेल, पण खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेली असते," तो म्हणाला. "नवी घ्या. जपानी. पेट्रोलवर चालू करा, गरम झाली के रॉकेलवर टाका."

रुपचंद एकेका मोटरीपाशी उभा राहून तिचं झाकण काढत होता, नाक लावून वास घेत होता, पंखा हातानं फिरवून कान देत होता. दोन जुन्या मोटरी त्यानं तिथल्या तिथंच नाकारल्या. एकीची पाण्याची वाट मिठानं बुजलेली होती. पिंपात चालवली तर बाजूच्या भोकातून थंड पाण्याची धार पडायला हवी, ती नुसती थेंबथेंब गळत होती. दुसरीला नवा रंग होता आणि रंगाखाली भेग. मग तो पंधरा हॉर्सपॉवरच्या नव्या मोटरीपाशी आला आणि तिथंच थबकला. राखाडी, जाडजूड, उंच. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. भिकुबाईनं तो हात पाहिला. लग्नात त्यानं आपला हात असा धरला होता का, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

"हाई मोटर पाच नावा ओढी," तो तिला म्हणाला. "वारा समोरथून ऱ्हायना तरी."

तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, "अरे रुपचंद! मला वाटलं तू तिकडे नदीत बुडून मेलास!"

हा तांडेल. रुपचंद ज्याच्या बोटीवर होता तो. रुंद छातीचा, पांढऱ्या मिशांचा. त्यानं रुपचंदला मिठीच मारली. भिकुबाईला पाहून जरा ओशाळला, "वहिनी, बसा, बसा" म्हणाला, एक खोकं पुढे सरकवलं. मग दोघं बोलत राहिले. कोण कुठं गेलं, कोण कुठल्या बोटीवर चढलं. आणि बोलता बोलता तांडेल म्हणाला, "परवा निघतोय. पावसापर्यंत बाहेरच. माझा इंजिनवाला तापानं पडलाय. येतोस का?"

"नाही, नाही," रुपचंद म्हणाला. "मोटर घ्यायला आलोय."

तो दोनदा नाही म्हणाला, आणि दोन्ही वेळा त्याची नजर शेडबाहेर खाडीत उभ्या असलेल्या बोटींवर होती. खोक्यावर बसलेल्या भिकुबाईनं ते पाहिलं. आपण बरोबर आलो म्हणून काय झालं? उद्या सकाळी हा तोंड धुवायला म्हणून जाईल आणि मी या धुरात बसून राहीन.

तांडेलच म्हणाला, "पिंपात काय कळतंय? माझी छोटी होडी आहे, तिला लाव आणि खाडीबाहेर चक्कर मारून ये. वहिनींनाही दाखव समुद्र."

अशी भिकुबाई समुद्रावर गेली. पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी होडीची कड धरून, नवऱ्याकडे तोंड करून बसली. रुपचंदनं उभं राहून एका झटक्यात दोरी ओढली आणि ती मोठी मोटर गुरगुरायला लागली. खाडीत पाणी गढूळ होतं, दोन्ही बाजूंना चिखल, सुकत घातलेली जाळी, बोंबील वाळत टांगलेल्या बांबूंच्या वलांड्या. तिथवर तिला काही वाटलं नाही. मग होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली.

पलीकडचा काठ नव्हता. आपल्या पाण्याला कितीही वारा असला, धुरकं असलं, तरी पैलतीर आहे हे माहीत असतं. इथं पाणी जात होतं ते जातच होतं, आणि जिथं ते संपल्यासारखं वाटायचं तिथंही नुसता उजेड होता. लाट खालून आली, होडी अलगद उचलली, आणि सोडली. भिकुबाईला वाटलं होतं आपण घाबरू, डोळे मिटू. तिनं कडेचा एक हात सोडला. मग दुसराही. तोंडावर खारं पाणी उडालं ते तिनं पुसलं नाही. घर, चूल, सासू, स्टँडवरची एसटी, सगळं कुठल्या कुठं राहिलं होतं आणि छातीत काहीतरी मोकळं होऊन पळत सुटलं होतं. आणखी पुढं जावं, असं तिला वाटलं. अगदी साधं, स्पष्ट वाटलं. आणखी थोडं पुढं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. दांड्यावर हात ठेवून तो पुढे बघत होता आणि त्याचा चेहरा इतका शांत तिनं घरात कधीच पाहिला नव्हता.

तेव्हा तिला कळलं, आणि कळल्यावर जी धडकी भरली ती आधीच्या कुठल्याही भीतीपेक्षा मोठी होती. मला एवढ्याशा वेळात असं झालं, तर याला इतक्या वर्षांत काय झालं असेल? याला काय सदऱ्याचं टोक धरून ठेवायचं? हा जाणार. आज नाही तर पुढच्या साली. याच्यात वाईट काही नाही आणि उपायही काही नाही.

होडी परत लागली. रुपचंद उडी मारून उतरला आणि रतिलालला म्हणाला, "हीच देऊन टाक."

"थांबा," भिकुबाई म्हणाली. ती पिंपापाशी गेली. रतिलालला म्हणाली, "हाई मोटर आठे लावा. माले दोरी वढी देखू द्या."

रतिलालला वाटलं बाईला हौस आहे. त्यानं मोठी मोटर पिंपाला अडकवून दिली. भिकुबाईनं पाय रोवले आणि दोरी ओढली. दोरी निम्म्यात अडली, आणि मग अशी उलटी हिसकली की तिचा खांदा निखळल्यासारखा झाला. तिनं पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तळहातावर लाल वळ उठला. शेडच्या दारात उभे असलेले दोघे-तिघे हसले.

"बेन, ए भारी आहे. भाई ओढेल ना," रतिलाल म्हणाला.

"ती तठली," भिकुबाईनं भिंतीकडे बोट केलं. आठ हॉर्सपॉवरची. कुणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

ती लावली. पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला मोटर खोकली. तिसऱ्यांदा भिकुबाईनं कमरेतून वळून, मिरचीचं पोतं उचलताना लावायची तसा सगळ्या अंगाचा जोर लावून ओढली, आणि पिंपातलं पाणी उसळलं. तिनं ती बंद करायला लावली, खाली उतरवली, दोन्ही हातांनी उचलून शेडच्या दारापर्यंत नेली आणि परत आणली. धापा टाकत म्हणाली, "हाई."

रुपचंद सुरुवातीला हसत होता. मग हसायचा थांबला. त्यानं तिला दंडाला धरून शेडबाहेर नेलं, जिथं उपड्या होड्यांना डांबर लावत होते.

"आठ हॉर्सपॉवर चार नावा ओढस का? तुले काय समजस?" मग त्याचा आवाज खाली आला. "मी मरी गऊ का? तुले दोरी वढता उनी पाहिजे म्हनी मोटर लेवानी का?"

"मरा नहीत तुमी. पन जाशात."

"कोन बोलनं मी जासू?"

"कोनीच नही बोलनं," भिकुबाई म्हणाली. "मी बी आज गयी व्हती ना पानीवर. माले समजनं. तुमले धरी ठेवाना माले कंटाळा उना. जावानं ऱ्हायनं तर सांगीसन जा. पन मोटर माले झेपी अशी ली द्या."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस चिडतो तसा तो चिडला होता, आणि चिडण्यासारखं ती काहीच बोलली नव्हती. तो तोंड फिरवून चालू लागला, तांडेलाच्या बोटीकडे. भिकुबाई परत शेडमध्ये येऊन खोक्यावर बसली. ती लहान मोटर तिच्या पायाशी होती.

ऊन कललं. रतिलालनं चहा मागवला, तो तिनं घेतला. खाडीत भरती चढली आणि चिखलावर आडव्या पडलेल्या बोटी हळूहळू उभ्या राहिल्या. एक बोट निघाली. ती तांडेलाची नव्हती, पण निघताना इंजिनाचा आवाज झाला तेव्हा भिकुबाई उठून दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली. पुन्हा उठली. तिनं मनाशी हिशेब केला, की हा आलाच नाही तर मोटर गोणपाटात बांधून घ्यायची, हमाल करायचा, गाडीत बसायचं. सुरतेला गाडी बदलायची ती कुठल्या फलाटावर, हे आठवून पाहिलं. आठवलं. तेव्हा तिला जरा धीर आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

रुपचंद आला तेव्हा शेडमधला दिवा लागला होता. त्याच्या हातात ऑईलचा डबा होता आणि कागदाची एक पुडी. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला, पुडी उघडली. आत पितळेच्या छोट्या छोट्या पिना होत्या.

"आपला पानीमा बुडेल झाडना ठूठ शेत, नुसता बुंधा," तो मोटरीकडे बघत म्हणाला. "पंखाले ठूठ लागनं का हाई पिन तुटस, म्हनीसन मोटर वाचस. हाई बदलता उनी पाहिजे तुले. देख."

त्यानं पंखा काढला, पिन काढली, घातली. मग पाना तिच्या हातात दिला.

घरी येताना गाडीत मोटर दोघांच्या पायांशी होती आणि रुपचंद फार बोलला नाही. मधेच आठवल्यासारखा काहीतरी सांगायचा: धार थांबली की लगेच बंद कर, रॉकेलवर टाकायची घाई करू नको, मागची दोरी पंख्यात जाऊ देऊ नको. भिकुबाई नुसती मान हलवायची. तो या वेळी एकाही स्टेशनवर उतरला नाही.

गावात हसं झालं. आठ हॉर्सपॉवरची मोटर दोन नावा ओढायची, चार बांधल्या की जागच्या जागी कण्हत राहायची. चिंधा आणि इतरांना दोन खेपांनी जावं लागायचं आणि ज्यांची पाळी दुसरी, त्यांचा बर्फाच्या गाडीशी रोज झगडा. "बाईनी निवडेल मोटर," असं लोक म्हणायचे. रुपचंदला ते लागायचं. पण आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्यानं बायकोला मोटर शिकवली, दुपारी, काठावर कुणी नसताना. ती दांडा उजवीकडे ढकलायची आणि नाव डावीकडे जायची, याचा तिला किती दिवस राग यायचा!

त्या साली तो गेला नाही. पुढच्या साली दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "सोमवारले जास. होळीले येस." ताईबाईनं कपाळावर हात मारला. भिकुबाईनं विचारलं, "घोंगडी लई जातस का चादर?"

ती पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा चिंधाची आणि आणखी एक नाव मागे बांधली होती. अर्ध्या वाटेवर मोटर हळू झाली, दोनदा उचकली आणि बंद पडली. मागून चिंधा ओरडायला लागला. वाऱ्यानं तिन्ही नावा एकमेकींवर आपटायला लागल्या. भिकुबाईनं दोरी ओढली, ओढली, ओढून ओढून हात सोलला. पिन पाहिली, ठीक होती. रॉकेल होतं. मग तिनं टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि तिला जाणवलं की झाकणावरचा हवेचा स्क्रू बंदच आहे. टाकीत हवा जात नव्हती, मग तेल कसं उतरणार? तिनं तो सैल केला, आतून सुस्कारा सुटल्यासारखा आवाज आला, आणि पुढच्या ओढीला मोटर चालू झाली. काय झालं होतं ते तिनं चिंधाला कधीही सांगितलं नाही. तो अजून समजतो की मोटरच खोडीची होती.

मग असंच होत गेलं. दिवाळीनंतर तो जायचा आणि होळीला यायचा, कधी होळी टळून गुढीपाडवा व्हायचा, पण सांगून जायचा. मुलगी शिकायला नंदुरबारला गेली. ताईबाई एका पावसाळ्यात वारली. भिकुबाईच्या दंडांना पीळ पडला आणि तिचा आवाज मोठा झाला, कारण मोटरीवरून ओरडायची सवय लागली. तो घरी असला की दांडा त्याच्या हातात जायचा. खरं तर ते सुखाचे दिवस असायला हवेत. पण पुढे बसून जाळं सावरताना तिच्या हाताला काही सुचायचं नाही. तो वळण लवकर घ्यायचा, ती मनात म्हणायची, आत्ता नाही, त्या ठूठाच्या पलीकडून. कधी कधी तिला वाटायचं, दिवाळी केव्हा येते. असं वाटलं याची तिला लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटायचं.

पंच्याण्णव साली तो होळीच्या बऱ्याच आधी परत आला, उजवा हात फडक्यात बांधलेला. बोटीवर जाळं ओढताना दोर कप्पीत अडकला आणि त्याबरोबर त्याची बोटंही. दोन बोटं गेली, बाकीची वळेनात. हाताची मूठ होईना म्हणजे दोरी ओढणं संपलं, समुद्र संपला. चार महिने तो ओट्यावर बसला. बसला म्हणजे काय, उठायचा, कुंपणापर्यंत जायचा, परत यायचा, स्टँडवर जाऊन गाड्या पाहायचा. डाव्या हातानं जाळी शिवायचा प्रयत्न करून ती भिरकावून द्यायचा. भिकुबाई पाण्यावर असली तरी तो डोळ्यांपुढे यायचा. कोंडलेलं जनावर पाहवत नाही तसं तिला ते पाहवेना.

एके सकाळी ती म्हणाली, "चला."

"मी काय करसू तठे? वझं?"

"पुढे बसा. ठूठ दिसनं का सांगा."

तो पुढे बसला आणि बसल्यापासून सूचना द्यायला लागला. डावीकडे घे. जोर कमी कर. धार बघ. रॉकेल कमी आहे. भिकुबाईला ऐकू येत होतं, पण मोटरीच्या आवाजात ऐकू येत नाही असं दाखवण्याची सोय होती आणि तिनं ती पुरेपूर वापरली. रोज तेच. तो सांगायचा, ती आपल्या मनानं चालवायची, आणि घरी येताना दोघंही जरा खुशीत असायची.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस असा आला की वारा अजिबात नव्हता. मागे एकही नाव बांधलेली नव्हती. चिंधानं तोवर स्वतःची मोटर घेतली होती, पंधरा हॉर्सपॉवरची, आणि तिची दोरी ओढून त्याचा खांदा दुखायचा. भिकुबाईच्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसले. तिनं मोटर हळू केली नाही. डबे बाजूनं गेले.

रुपचंदनं वळून मागे राहिलेल्या जाळ्यांकडे पाहिलं. "कथी चालनी तू? जायं मांगे ऱ्हायनं!"

समोर दोन डोंगरांमधून पाणी पुढे गेलं होतं, गुजरातकडे, जिथं मोहखेड्याच्या नावा कधी जात नसत. तिथं ते आणखी रुंद होत होतं. भिकुबाईनं दांडा सरळ धरला होता.

"देखूत ना," ती म्हणाली, "पुढे काय शे."

तो काहीतरी बोलणार होता. रॉकेलचं, बहुतेक. पण पाय लांब करून, मोडका हात मांडीवर ठेवून, तो पुढे तोंड करून नीट बसला.